यंत्रांची सोयरीक

आमचं घर घोड्याच्या पाठीवर असायचं. आटपाडीकडच्या माळावर दगडी भिंतींची एक खोली होती, पण दिवाळी झाली की तिला कुलूप लागायचं आणि आई, वडील, मेंढरं, कुत्रं, डालग्यातल्या कोंबड्या असं सगळं बिऱ्हाड कृष्णाकाठाकडं चालायला लागायचं. मी तेवढी मागं राहायचे, आश्रमशाळेत. बाई विचारायच्या, "घर कुठं गं तुझं?" मी सांगायचे, "आज आष्ट्याच्या अलीकडं असंल." वर्गातल्या पोरी हसायच्या. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. एका साली रोग आला आणि निम्मी मेंढरं गेली. त्या साली आईच्या अंगावर नवं लुगडं आलं नाही, वडिलांनी तंबाखू सोडली, पण माझी शाळा सोडवली नाही. पुढं सांगलीच्या वसतिगृहात राहून मी बी.सी.ए. झाले. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणी विचारायच्या आत सांगते, कारण विचारत कुणी नाही.

पदवी हातात आली तेव्हा वडिलांनी मुदत घातली. "एक साल थांबतो, फुडच्या दसऱ्यापातूर. कुठं कायम झालीस तर तुजं तू बघ. न्हाईतर मी पोरगा बघतो." वडील काही कडक नव्हते. माझी काळजी करायची त्यांना तेवढी एकच रीत माहीत होती.

त्या एका सालात माझी गाठ आबांशी पडली.

आबा म्हणजे आष्ट्याजवळच्या एका ऊस रोपवाटिकेचे मालक. नाव सांगत नाही. सगळा तालुका त्यांना आबाच म्हणायचा. उसाचं कांडं रानात पुरण्याऐवजी त्याचा डोळा ट्रेमध्ये लावायचा, महिन्याभराचं रोप तयार करायचं आणि शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचवायचं, हा त्यांचा धंदा. आमची मेंढरं दर साली त्यांच्या रानात खतासाठी बसायची, तेवढी ओळख.

वडील मला घेऊन गेले आणि म्हणाले, "आवं आबा, पोरगी पदवी झालीया. कम्प्युटर येतोय तिला. बसवा कुठंतरी सावलीला."

"सावली लय हाय," आबा म्हणाले. सगळी रोपवाटिका हिरव्या शेडनेटखाली होती. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "खोड सांग."

"कसली खोड?"

"तुजी. गुण कागदावर लिवलेत. खोड कुणी लिवत न्हाई."

मी म्हटलं, "मला राग लवकर येतो. आणि आला की बोलून दाखवते."

आबा वडिलांना म्हणाले, "हंगामभर ऱ्हाऊ द्या. नांदली तर कायम."

हे 'नांदणं' काय प्रकरण आहे ते मला आठवड्याभरात समजलं. रोपवाटिकेत कुठलंही नवं यंत्र, नवं ॲप, नवी सिस्टीम घ्यायची झाली, की आबा ती खरेदी करत नसत. ते सोयरीक करत. विक्रेता फाटकातून आत शिरला की आबा घराकडं तोंड करून सांगायचे, "स्थळ आलंय, पोहे टाका." मामी, म्हणजे आबांच्या मालकीण, खरोखर पोहे टाकायच्या. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. पुण्याहून बूट चमकवत आलेली पोरं लॅपटॉप उघडायला लागली की आबा तो हातानं मिटायचे. "आदी खावा. पोरीला कुणी दारातच गाणं म्हणाय लावतं व्हय?"

खाताना ते माणूस बघायचे. तोंडात घास असताना जो फायदे सांगायला लागे, तो नापास. जो मामींना "पोहे छान झालेत" म्हणे, त्याच्याकडं ते संशयानं बघायचे. आणि जो निमूटपणे खाऊन ताटली स्वतः उचलून ठेवे, त्याला विचारायचे, "आता सांगा, माहेर कुठं?"

माहेर म्हणजे दुरुस्तीची जागा. "रुसलं तर कुठं जातंय ते बघाय पायजे. माहेर बेंगलोरला असलं तर पोरगी एकदा गेली की हंगाम संपल्यावरच माघारी येणार. सांगलीच्या आत माहेर पायजे. लय झालं तर कराड."

नकार देण्यातही त्यांची पद्धत होती. एका मोठ्या कंपनीचा पोरगा पोहे खाऊन, सगळं दाखवून गेला. आठवड्यानं त्यानं फोन केला. आबा म्हणाले, "पत्रिका जुळली न्हाई."

"कुठला पॅरामीटर जुळला नाही सर?"

"नाड. दोघांची एकच निघाली."

पोरगा बिचारा "नोट करतो सर" म्हणाला. त्याच्या वरच्या साहेबांना त्यानं ते कसं कळवलं असेल, हा विचार करून मी दोन दिवस हसत होते.

मी एकदा त्यांना विचारलंही. म्हटलं, "आबा, यंत्रासाठी एवढी चौकशी करता. आमच्याकडं पोरगी द्यायची असली तरी एवढी करत नाहीत."

"म्हणून तर पोरी रडत्यात," आबा म्हणाले. "यंत्राला रडाय येत न्हाई, म्हणून मी आदीच बघतो."

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांचा एक प्रश्न. "कुणाच्या घरात नांदतंय?" विक्रेत्यानं पत्ता दिला की आबा जीप काढून तिथं जायचे, अगदी साताऱ्याच्या पलीकडं असलं तरी. आणि तिथं गेल्यावर मालकाशी बोलायचे नाहीत. नमस्कार, चहा, पाऊसपाणी, बास. "मालकानं पैसं घातलेत. त्यो आता वाईट म्हणंल कसा? सासऱ्याला इचारून सुनेचं सुख कळतं व्हय? ज्याला बटण दाबाय लागतंय त्याला इचारायचं." असं म्हणून ते गोठ्यात, गोदामात, जिथं कुणी घामाघूम होऊन काम करत असेल तिथं जाऊन तंबाखू मळत बसायचे.

आज मी सांगलीत एका बऱ्या कंपनीत आहे. तिथं नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं तर समिती बसते, पडद्यावर रंगीत तक्ते येतात, महिनोन्‌महिने बैठका होतात. मी एकदा उठून विचारलं, "हे आता कुणाच्या घरात नांदतंय?" सगळे हसले. मग साहेबांनी ते इंग्रजीत लिहून घेतलं आणि पुढच्या बैठकीत स्वतःचं म्हणून सांगितलं.

आबांच्या सगळ्या सोयरिकी जमल्या असं मात्र नाही. चेहरा ओळखून हजेरी लावणारं एक यंत्र त्यांनी घेतलं होतं. आमच्या शेडमध्ये पन्नासएक बायका. उन्हासाठी तोंडाला ओढणी बांधलेली, डोक्याला टोपी, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट. यंत्राला फक्त डोळे दिसायचे. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना गैरहजर दाखवलं, फक्त फाटकाजवळ लावलेल्या पुढाऱ्याच्या फ्लेक्सला हजर धरलं. शेडवरची मुकादम मावशी, जी कुठल्याही नव्या वस्तूची सासू होती, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आबा, त्या पुढाऱ्याला रोजगार द्या आता. आमी चाललो घरला."

आबा म्हणाले, "यंत्र खोटं बोलत न्हाई मावशे. त्यानं तुमचं काम बघितलं असंल."

यंत्र त्याच दिवशी माहेरी गेलं. हा त्यांचा पक्का नियम होता. ज्या दिवशी यंत्रानं चालू काम अडवलं, त्या दिवशी त्याची पाठवणी. दुसरी संधी नाही, रुसवेफुगवे नाहीत.

ओलावा मोजणारं यंत्र मात्र आलं आणि राहिलं. ते बसवायला आलेला मिरजेचा माणूस ट्रेजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "आबा, हे शेडच्या कडंला नीट चालत नाही. वारं लागलं की चुकतं. कडंला तुम्ही बोट घालूनच बघा." आबांनी तिथल्या तिथं बैठक पक्की केली. मला म्हणाले, "ज्यानं आपणहून खोड सांगितली, त्याच्याच घरात सोयरीक करावी."

आता माझी गोष्ट सांगते. कारण तिच्यावर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं.

आडसाली उसाची लागण पावसाळ्यात होते. त्या दीड-दोन महिन्यांत रोपवाटिकेत लगीनघाई. टेंपोवाले रोपं घेऊन निघायचे आणि वाटेत पाव्हण्यांच्या बांधावर चार ट्रे उतरवून पुढं जायचे. शेतकरी फोन करायचा, "आबा, रोपं कमी आली." टेंपोवाला म्हणायचा, "मोजूनच दिली." आबा दोघांच्या मध्ये. मी म्हटलं, याला इलाज आहे. साताऱ्याच्या दोन इंजिनिअर पोरांनी एक सिस्टीम केली होती. बुकिंग मोबाईलवर. टेंपो बांधावर पोहोचला की शेतकऱ्याच्या फोनवर चार आकडी नंबर जाणार. तो टेंपोवाल्यानं आपल्या मोबाईलमध्ये घातला की मगच ट्रेच्या मांडणीचं कुलूप उघडणार.

साताऱ्याची पोरं आली. पोहे झाले. ताटल्या त्यांनी उचलल्या. खोड विचारल्यावर एकजण म्हणाला, "रेंज नसली की बंद पडतं."

"आमी बी," आबा म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला जीपमध्ये घालून रहिमतपूरला नेलं. तिथल्या एका भाजीपाल्याच्या रोपवाटिकेत ही सिस्टीम चालू होती. मालकाचा चहा घेऊन आबा थेट टेंपोवाल्यापाशी गेले.

"कसं हाय रं हे?"

टेंपोवाला पडेल चेहऱ्यानं म्हणाला, "चांगलं हाय. माझी सासुरवाडी तुटली तेवढी. सहा महिनं झालं, एक रोप नेता आलं न्हाई."

आबांची कळी खुलली. परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "ड्रायव्हर रडतोय म्हंजी स्थळ चांगलं." घरी आल्यावर आठ दिवस जुन्या पद्धतीबरोबर जोडीनं, शेडमधल्या शेडमध्येच चालवून बघितलं. मावशीनं स्वतः बटणं दाबली, दोन शिव्या दिल्या, आणि म्हणाली, "बरं हाय. बोलत न्हाई, हे एक बरं हाय." सोयरीक झाली.

खरा हंगाम सुरू झाला त्या दिवशी सकाळी पहिला टेंपो शिराळ्याकडच्या एका गावाला गेला. थोड्या वेळानं टेंपोवाल्याचा फोन. "ताई, कुलूप उघडंना."

"शेतकऱ्याकडून नंबर घ्या."

"त्यांच्याकडं न्हाई. नंबर पोराचा दिलाय. पोरगा मिलिटरीत हाय."

मी म्हटलं, पोराला फोन लावा. पोराचा फोन बंद. ड्युटीवर फोन जमा करून ठेवतात. तेवढ्यात दुसऱ्या टेंपोचा फोन. तिथं नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या पोराचा, आणि पोरगा मीटिंगमध्ये. तिसऱ्या ठिकाणी परत मिलिटरी. आमच्या भागात बुकिंगला कुणी नंबर विचारला की माणूस स्वतःचा सांगत नाही. "पोराचा घ्या," म्हणतो, आणि पोरगा कुठं आहे तेही सांगतो. पोरगा कुठंतरी लागलाय, हे जगाला कळायला आणखी काय पाहिजे? बुकिंग घेणारी मी, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

पावसानं उघडीप दिली होती. बंद टेंपोत रोपं कोंडली की माना टाकतात. आबा आले आणि थेट जीप काढली. मी मागून चढले.

शिराळ्याकडच्या त्या बांधावर टेंपो उभा, म्हातारा शेतकरी टेंपोभोवती घिरट्या घालतोय, आणि लागणीच्या बायका सरीत पाय सोडून बसलेल्या. म्हाताऱ्याचा एकच धोशा. "माझा पोरगा मिलिटरीत हाय."

"म्हाईत हाय," टेंपोवाला म्हणाला. "सकाळधरनं त्येच चाललंय."

दुपार कलल्यावर जवानाचा फोन एकदाचा लागला, आबांच्या मोबाईलवरून. आबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"पाव्हणं, मी आष्ट्याहून आबा बोलतोय, रोपवाटिकेचा. तुमच्या फोनवर चार आकडी नंबर आलाय. तेवढा सांगा."

"ओटीपी मागताय व्हय?"

"व्हय, त्योच."

"लाज वाटत न्हाई म्हाताऱ्या माणसाचा आवाज काढाय?"

"आवाज काढत न्हाई गड्या. म्हाताराच हाय मी."

"आमास्नी हितं शिकवलंय. ओटीपी सख्ख्या बापाला बी द्यायचा न्हाई."

"मग सख्खा बापच हाय हितं. घे."

म्हाताऱ्यानं फोन दोन्ही हातांनी धरला. "आरं बाळा, रोपं माना टाकाय लागल्यात. दे की त्यो नंबर."

"आवाज तर वडलांचाच काढलाय," पोरगा म्हणाला. "बरं. बापच असशील तर आपल्या बैलांची नावं सांग."

म्हातारा वैतागला. "बैलं कुठली रं? ट्रॅक्टर घेतला तवाच इकली की."

"बरोबर हाय. घ्या लिवून."

कुलूप उघडलं. बायका खो खो हसत उठल्या. सगळ्यात पुढं त्या जवानाची बायको होती, पदर खोचलेली. ट्रे उचलता उचलता ती सासऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "माझा फोन सकाळधरनं कंबरंला हाय. पर मला कोण इचारतंय? रोपं लावायची मी, आन्‌ नंबर काश्मीरला."

बाकीचे दोन टेंपोही तोवर पोरांचे फोन लागून मोकळे झाले होते. जीपमध्ये आबांनी फोन काढला आणि साताऱ्याच्या पोरांना लावला. "उद्या या. पाठवणी हाय." एवढंच बोलून ठेवला.

मला सगळं समोर दिसलं. सिस्टीम गेली की ती आणणारी मीही गेले. दसरा झाला की वडील पोरगा बघणार. आणि मला राग आला.

"आबा, सिस्टीम रुसलेली नाही."

"काम अडलं का न्हाई?"

"अडलं. पण तुम्ही रहिमतपूरला कुणाला विचारलंत? टेंपोवाल्याला. घरी कुणाला विचारलंत? मावशीला. ज्याला रोपं उतरवून घ्यायची, त्याला ना तुम्ही विचारलं, ना मी. भोक यंत्रात नाही, तुमच्या चौकशीत आहे."

आबांनी जीप कडेला घेतली. मला वाटलं, इथंच उतरवतात. त्यांनी इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "वरपक्ष बघितला, वधूपक्ष बघितला, आन्‌ जेवायला कोण येणार तेच इचारलं न्हाई." आणि जीप परत सुरू करत, "मी कुठल्या स्थळाला दुसरी खेप दिलेली न्हाई."

"मग आता द्या."

"किती दिवस पायजेत?"

"आजची संध्याकाळ."

त्या संध्याकाळी मी आणि मावशी फोन घेऊन बसलो. एकेका बुकिंगला फोन. "रोपं उतरवताना बांधावर कोण असतंय? त्यांचा नंबर द्या." बाप्ये बिथरायचे.

"बायकूचा नंबर कशाला पायजे?"

मावशी माझ्या हातातून फोन ओढायची. "रोपं कोण मोजून घेतंय तुमच्यात?"

"तीच."

"मग तुमच्या नंबराची काय पूजा करू?"

नंबर मिळायचा. पण फोन ठेवता ठेवता आवाज बारीक व्हायचा. "पर पोराचं बी नाव ऱ्हाऊ द्या. मिलिटरीत हाय." म्हणून मी पोरांचे नंबरही ठेवले. कुलपाचा नंबर बांधावरच्या बाईला, आणि रोपं उतरली की पोराला फक्त निरोप: तुमच्या रानात रोपं पोहोचली. साताऱ्याच्या पोरांनी तेवढा बदल रातोरात करून दिला. सकाळी पाठवणी करून घ्यायला आले ते पोहे खाऊन रिकाम्या हातानं परत गेले.

त्यानंतर आबांच्या पद्धतीत एक भर पडली. कुठलंही स्थळ आलं की मालक, माणूस, यंत्र सगळं बघून झाल्यावर ते विचारायचे, "आन्‌ शेवटी हे कुणाच्या दारात जाऊन थांबणार?" ही भर माझी, असं त्यांनी कधी सांगितलं नाही. मी मात्र सगळ्यांना सांगते.

त्या हंगामात एकही टेंपो बांधावरून परत आला नाही. सिस्टीम राहिली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबांनी मला कायम केलं.